ख्रिस्ती धर्मांतील बालवृत्ति

नम्रता हा गुण आज सर्वांच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, एके काळीं तो गुणच मानला जात नव्हता, हें सांगितलें तर पुष्कळांना नवल वाटेल. ख्रिस्ती ग्रंथांतील नम्रतेचा शब्द ज्यापासून बनला, त्या 'तापेइनोस' या ग्रीक शब्दाचा नित्याचा अर्थ खालचा, हलका, हीन असा होता. तो गुलामाला लावावा, पराभूताला लावावा. आपल्या मुलानें तसें व्हावें असें कोणी इच्छीत नसे. अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रांत थोर पुरुषाचें जें वर्णन आहे, त्यांतला पुरुष मोठ्या मानाला पात्र असतो, आणि आपण पात्र आहों हें तो ओळखूनही असतो. आपली योग्यता कमी लेखणें हा तेथें दोष ठरतो. लॅटिन भाषेंत नम्रतेला 'हुमिलितास' म्हणतात. त्याचें नातें 'हुमुस' म्हणजे माती या शब्दाशीं आहे. आणि मातीला लागून असणें ही कांहीं रोमन नागरिकाला भूषण वाटण्याजोगी गोष्ट नव्हे. ख्रिस्ती धर्मानें हा तुच्छतेचा शब्द उचलला आणि सद्गुणांच्या पंक्तींत नेऊन बसविला. तें करतांना ख्रिस्तानें जो दाखला पुढें केला तो राजाचा, ऋषीचा किंवा वीराचा नव्हता. एका लहान मुलाचा होता.

तो प्रसंग मत्तय, मार्क व लूक या तिघांच्याही शुभवर्तमानांत आला आहे. त्यांतल्या त्यांत मार्काची हकीकत फार जिवंत आहे. मंडळी कफर्णहूम गांवीं एका घरांत येऊन पोंचली. वाटेनें शिष्यांमध्यें कांहीं वाद चालला होता. तो कशाबद्दल, असें येशूनें विचारतांच सारे गप्प झाले. कारण आपणांपैकीं सर्वांत मोठा कोण, याविषयींच तो वाद होता! येशू खालीं बसला, बाराही जणांना त्यानें जवळ बोलाविलें, आणि ज्याला पहिलें व्हावयाचें आहे त्यानें सर्वांच्या शेवटीं जावें व सर्वांची सेवा करावी, असें त्यांना सांगितलें. मग एक मूल घेऊन त्यानें तें त्यांच्या मध्यें उभें केलें आणि कवेंत घेतलें. मत्तयाच्या हकीकतींत याहीपुढचें एक पाऊल आहे. मन पालटून मुलांसारखे झाल्यावांचून स्वर्गाच्या राज्यांत प्रवेशच नाहीं, असें तेथें शिष्यांना ऐकावें लागतें. आंत मोठा कोण, हा प्रश्न घेऊन ते आले होते. आपणांला आंत तरी येतां येईल काय, या प्रश्नाशीं त्यांना आणून उभें केलें.

हा दाखला आजच्या घरांत बसून वाचला म्हणजे त्याची धार बोथट होते. आज शिकलेल्या कुटुंबांत मूल हा घरचा राजा असतो. त्याच्या शाळेसाठीं बिऱ्हाड हलतें, त्याच्या परीक्षेसाठीं पाहुणे परत जातात. ख्रिस्तकालीन जगांत मुलाची स्थिति अशी नव्हती. ख्रिस्तपूर्व १ या वर्षीं, अलेक्झांड्रिया शहरीं कामासाठीं गेलेल्या हिलारियन नांवाच्या माणसानें आपल्या गरोदर बायकोला लिहिलेलें एक पत्र ईजिप्तच्या वाळूंत सांपडलें आहे. पत्र मायेचें आहे. घरच्या लहान मुलाची काळजी घ्यावी, मजुरी हातीं येतांच पाठवून देऊं, असा त्यांत मजकूर आहे. आणि त्याच ओघांत, मुलगा झाला तर ठेवावा, मुलगी झाली तर टाकून द्यावी, असेंही शांतपणें लिहिलें आहे. यहुदी लोक अर्भकें टाकून देणें निंद्य मानीत, हें खरें. त्या समाजांत मूल हें देवाचें देणें होतें. तरी मोजदादींत मुलाची गणना नसे. पांच भाकरींवर पांच हजार जेवले, त्या चमत्काराची संख्या मत्तय सांगतो ती बायका व मुलें सोडून. तेव्हां शिष्यांच्या मध्यें जें मूल उभें केलें, तें कौतुकाचें बाळ नव्हे. ज्याला मत नाहीं, मालमत्ता नाहीं, हक्क नाहीं, ज्याचें नांवही कोणा शुभवर्तमानकारानें नोंदलेलें नाहीं, असा तो त्या घरांतला सर्वांत शेवटचा जीव होता.

बालवृत्तीचा अर्थ लावतांना मात्र पुढील काळांत हा मुद्दा पुष्कळदां निसटला आणि मूल म्हणजे निष्पापपणा असें समीकरण मांडलें गेलें. गोंडस चित्रें, गुबगुबीत देवदूत यांचा सुकाळ झाला. ज्यांना मुलांचा खरा सहवास आहे, त्यांना हें समीकरण फसवें आहे हें सांगावयास नको. मूल हट्टी असतें, मत्सरी असतें, आपल्या वांट्याचा लाडू दुसऱ्यानें उचलला तर घर डोक्यावर घेतें. चौथ्या शतकाच्या अखेरीस आपलें आत्मवृत्त लिहितांना संत ऑगस्टीन यांनीं हें स्पष्टच सांगून टाकलें. ज्याला अजून बोलतांही येत नाहीं असें एक अर्भक, आपल्याबरोबर दूध पिणाऱ्या दुसऱ्या अर्भकाकडे मत्सरानें पांढरें पडून पाहत होतें, हें त्यांनीं स्वतः पाहिलें होतें. अर्भकाचा निष्पापपणा त्याच्या हातापायांच्या दुबळेपणांत असतो, मनांत नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष. मग ख्रिस्तानें मुलांत वाखाणलें तें काय? ऑगस्टीन उत्तर देतात, मुलाची उंची! मूल लहान असतें, हीच त्याची खूण. हें उत्तर रुक्ष वाटेल, परंतु तें अचूक आहे. मुलाला मोठ्यांच्या हाताशिवाय चालत नाहीं, आणि तो हात धरण्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं.

बालवृत्ति म्हणजे बालिशपणा नव्हे, हेंही आरंभींच सांगावें लागलें. करिंथ येथील ख्रिस्ती मंडळी एकमेकांशीं चढाओढ करूं लागली, तेव्हां पौलानें त्यांना समज दिली कीं, दुष्टपणाच्या बाबतींत तान्हीं मुलें राहा, पण बुद्धीनें प्रौढ व्हा. येथें दोन मुलें आहेत, एक सोडून द्यावयाचें आणि एक जपावयाचें. त्यांची सरमिसळ झाली म्हणजे नम्रतेच्या नांवाखालीं परावलंबन, रुसवेफुगवे आणि जबाबदारी टाळण्याची युक्ति यांची प्रतिष्ठा होते.

मठवासी संतांनीं नम्रतेची साधना आंखून दिली. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं आपल्या मठांसाठीं जी नियमावलि लिहिली, तिच्या सातव्या प्रकरणांत नम्रतेची शिडी आहे. तिला बारा पायऱ्या. पश्चिम युरोपांतील मठजीवन त्या नियमावलीवर शतकानुशतकें उभें राहिलें. तिच्या योग्यतेबद्दल वाद नाहीं. परंतु शिडी म्हटली कीं एक अडचण येतेच. चढणारा खालीं वळून पाहतो. आपण कितव्या पायरीवर आहों हें त्याला कळतें. शेजारी कितव्या पायरीवर आहे हेंही कळतें. आणि ज्या क्षणीं नम्र मनुष्य आपल्या नम्रतेची मोजदाद करतो, त्या क्षणीं ती हातची जाते. गर्व टाकल्याचा गर्व हा सर्वांत चिवट. स्वतः बेनेडिक्ट यांनाही ही शिडी अशा रीतीनें मोजावयाची नव्हती. पण मनुष्यस्वभावाला कोण आवरणार? ही अडचण ज्या व्यक्तीनें अगदीं साध्या शब्दांत सोडवून दाखविली, ती कोणी पंडित नव्हती. शाळा तेराव्या वर्षीं सुटलेली आणि चोविसाव्या वर्षीं क्षयानें वारलेली ती एक फ्रेंच मुलगी होती.

तिचें नांव तेरेजा मार्तां. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतांतील आलांसाँ या गांवीं २ जानेवारी १८७३ रोजीं तिचा जन्म झाला. वडील लुई घड्याळजी होते. आई झेली तेथल्या प्रसिद्ध लेसचा व्यवसाय चालवीत असे. त्यांना नऊ अपत्यें झालीं, त्यांपैकीं पांच मुली जगल्या, आणि त्यांतली ही धाकटी. १८७७ मध्यें आई कर्करोगानें गेली आणि कुटुंब लिझ्यू येथें राहावयास आलें. साडेचार वर्षांच्या या मुलीवर वडिलांचा आणि थोरल्या बहिणींचा जीव होता. वडील तिला आपली राणी म्हणत. अशा लाडांचा जो परिणाम होतो तो झाला. मुलगी विलक्षण हळवी बनली. कोणी कांहीं बोललें कीं ती रडे, आणि मग आपण रडलों म्हणून पुन्हां रडे. तेरा वर्षें पुरीं होत आलीं तरी हा क्रम चालूच होता.

१८८६ च्या नाताळांतील एक प्रसंग तिनें पुढें लिहून ठेवला आहे. वरकरणीं तो इतका क्षुल्लक आहे कीं, चरित्रकाराला तो गाळण्याचा मोह व्हावा. परंतु तिच्या साऱ्या शिकवणुकीची किल्ली त्यांत आहे. नाताळच्या मध्यरात्रीची उपासना आटोपून मंडळी घरीं आली. शेगडीपाशीं मुलांचे बूट ठेवावयाचे आणि त्यांत भेटी ठेवावयाच्या, अशी फ्रान्समध्यें चाल होती. ती लहान मुलांसाठीं. पण या घरांत तेरेजेसाठीं अजून चालू होती. वडील थकले होते. आतां हें शेवटचेंच वर्ष, बरें झालें, अशा अर्थाचे त्यांचे वैतागाचे शब्द जिना चढणाऱ्या तेरेजेच्या कानीं पडले. तिचे डोळे भरून आले. थोरली बहीण सेलीन हिला पुढचा प्रकार ठाऊक होता. आतां लगेच खालीं जाऊं नकोस, असें तिनें सुचविलें. पण तेरेजेनें आसवें आवरलीं, ती धांवत खालीं आली, आणि वडिलांपुढें बसून एकेक भेट आनंदानें बाहेर काढूं लागली. वडीलही हसूं लागले. या क्षणीं आपलें बाळपण सुटलें, असें तिनें लिहिलें आहे.

जगांत जिची ख्याति बालवृत्तीची शिक्षिका म्हणून झाली, तिचा आध्यात्मिक मार्ग बालिशपणा टाकण्यापासून सुरू झाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. लाडावलेलें मूल स्वतःभोंवतीं फिरतें. त्या रात्रीं तिला थकलेल्या वडिलांचें मन दिसलें.

पुढील हकीकत थोडक्यांत अशी. मठांत जाण्याचा तिनें ध्यास घेतला, परंतु वय आड आलें. नोव्हेंबर १८८७ मध्यें यात्रेकरूंबरोबर ती रोमला गेली. पोप तेरावे लिओ यांच्या भेटीच्या वेळीं कोणीं बोलावयाचें नाहीं, अशी ताकीद असतांना तिनें त्यांच्या पायांशीं बसून पंधराव्या वर्षीं मठप्रवेशाची परवानगी मागितली. देवाची इच्छा असेल तर प्रवेश मिळेल, यापलीकडे पोपमहाराज कांहीं बोलले नाहींत. ती हलेना, तेव्हां रक्षकांनीं तिला उचलून बाजूला केलें. नम्रता म्हणजे दबून राहणें अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं हा प्रसंग ध्यानांत घ्यावा. ९ एप्रिल १८८८ रोजीं लिझ्यूच्या कार्मेल मठांत तिला प्रवेश मिळाला, आणि तेथून ती पुन्हां बाहेर आली नाहीं.

त्या रोमच्या प्रवासांतील एक वस्तु मात्र तिच्या मनांत राहून गेली. मोठ्या इमारतींत तिनें लिफ्ट पाहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती एक अपूर्वाई होती. मठांत आल्यावर थोर संतांचीं चरित्रें वाचतांना तेरेजेला स्वतःची अवस्था दिसूं लागली. ते पर्वत, आपण वाळूचा कण; त्यांनीं चढलेला पूर्णत्वाचा खडा जिना आपणांस चढतां येणार नाहीं. मग दोनच मार्ग उरत होते. एक, निराश होणें. दुसरा, उसनें अवसान आणणें. तिनें तिसरा शोधला. श्रीमंतांच्या घरांत हल्लीं जिना चढावा लागत नाहीं, तशी देवाकडे नेणारी लिफ्ट असेल काय? सेलीन १८९४ मध्यें त्याच मठांत दाखल झाली, तेव्हां तिनें बायबलमधील उताऱ्यांची एक वही बरोबर आणली होती. तींत तेरेजेला दोन वचनें सांपडलीं. एक नीतिसूत्रांतलें, ज्यांत लहानग्याला जवळ बोलाविलें आहे. दुसरें यशयाच्या ग्रंथांतलें, ज्यांत देव आईप्रमाणें लेंकराला कडेवर घेण्याचें, मांडीवर खेळविण्याचें अभिवचन देतो. तिला उत्तर मिळालें. येशूचे बाहु हीच लिफ्ट. आणि तींत बसण्यासाठीं मोठें व्हावयाचें नाहीं, उलट लहानच राहावयाचें.

यावर कोणीही व्यवहारी मनुष्य म्हणेल, हा तर आळशाचा धर्म झाला! पण तेरेजेनें एका नवशिक्या संन्यासिनीला दिलेला दुसरा दृष्टांत या शंकेचें निरसन करतो. जिन्याच्या तळाशीं एक लेंकरूं उभें आहे. वर बाप आहे. लेंकरूं आपला इवलासा पाय उचलून पहिल्या पायरीवर ठेवूं पाहतें. तें पडतें, पुन्हां पाय उचलतें. पहिलीही पायरी त्याला साधत नाहीं. शेवटीं बाप स्वतः खालीं येतो आणि त्याला उचलून नेतो. मर्म आहे तें पाय उचलीत राहण्यांत. प्रयत्न सोडावयाचा नाहीं. सोडावयाचा तो प्रयत्नाचा हिशेब. बारा पायऱ्यांच्या शिडीवर उभ्या राहिलेल्या अडचणीला हें उत्तर होय. ज्याला पहिलीही पायरी चढतां आलेली नाहीं, तो कोणाकडे खालीं पाहणार?

मराठी श्रोत्याला येथें तुकोबांच्या मुंगीची आणि ऐरावताची आठवण होणें साहजिक आहे. त्या प्रसिद्ध अभंगांतही लहानपणाची मागणी आहे. मात्र तेथें मोठेपणाला अंकुशाचा मार बसतो हें कारण पुढें आहे, तर तेरेजेच्या दृष्टांतांत, लहान असलें तरच उचलून घेतलें जातें हें कारण आहे. रोख एक, उपपत्ति निराळी. या दोहोंचा मिलाफ आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या ठायीं झालेला दिसतो. तेरेजा आपली पहिली वही लिहीत होती त्याच वर्षीं, १८९५ मध्यें, मुंबईस टिळकांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. एक कॅथोलिक, दुसरे प्रॉटेस्टंट. एकाला दुसऱ्याची वार्ताही नव्हती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक सांगत. आणि ख्रिस्ताला त्यांनीं हांक मारली ती 'माउली' या वारकऱ्यांच्या शब्दानें. लिझ्यूच्या मुलीला जी मातेची मांडी यशयाच्या ग्रंथांत शोधावी लागली, ती मराठी भक्ताच्या बोलण्यांत आधींपासूनच होती.

दृष्टांत सुंदर खरा, पण त्याची परीक्षा रोजच्या व्यवहारांत. लिझ्यूचा मठ लहान होता. वीस-पंचवीस बायका बारा महिने एका आवारांत राहावयाच्या. अशा ठिकाणीं हौतात्म्याची संधि मिळत नाहीं, वैताग येण्याच्या संधि मात्र पावलोपावलीं मिळतात. धुण्याच्या वेळीं समोरची भगिनी कपडे आपटतांना तेरेजेच्या तोंडावर घाण पाणी उडवी. मागें सरून तोंड पुसावें म्हणजे ती उमजेल, असें तिच्या मनांत आलें. पण तिनें तसें केलें नाहीं, आणि थोड्या वेळानें त्या शिंतोड्यांची तिला जणूं गोडीच लागली. ध्यानाच्या वेळीं मागें बसणारी एक भगिनी, शिंपल्यावर शिंपला घासावा तसा कांहीं चमत्कारिक आवाज करी. तेरेजेला घाम फुटे. मान वळवून पाहिलें असतें तर आवाज थांबला असता. तिनें मान वळविली नाहीं. तो आवाज विसरणेंही जमेना, तेव्हां तें एक संगीतच आहे अशा भावनेनें तिनें तें मन लावून ऐकावयास घेतलें. तिसरी एक भगिनी अशी होती कीं, तिचें बोलणें, चालणें, सारेंच तेरेजेला नकोसें वाटे. तिच्याशीं ती इतक्या आस्थेनें वागे कीं, माझ्यांत तुला एवढें काय आवडतें, असें त्या बाईनेंच एके दिवशीं विचारलें! वाचतांना हसूं येतें. तथापि एका बिऱ्हाडांत दोन चुली ज्यांनीं पाहिल्या आहेत, सासूसुनांचा, जावाजावांचा संसार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गोष्टी लहान वाटणार नाहींत.

मठांतील ध्यानाच्या वेळीं तिला झोप येई, हेंही तिनें मोकळेपणानें लिहून ठेवलें आहे. याचा विषाद मानण्याऐवजीं तिनें असा विचार केला कीं, मूल जागें असो कीं झोपलेलें, आईबापांना तें सारखेंच प्रिय असतें. स्वतःच्या उणीवेकडे न चिडतां पाहणें, हें नम्रतेचें कदाचित् सर्वांत अवघड अंग असावें. आपल्या चुकीचा आपणांस येणारा संताप पुष्कळदां पश्चात्ताप नसतोच. माझ्यासारख्यानें असें करावें काय, हा अहंकाराचा त्रागा असतो.

येथवर सारें सौम्य आहे. पण तेरेजेचें आयुष्य सौम्य नव्हतें. तिनें संन्यासदीक्षेचीं वस्त्रें घेतल्यावर महिना-दीड महिन्यांतच, फेब्रुवारी १८८९ मध्यें, तिच्या वडिलांचा मेंदूचा विकार बळावून त्यांना काँ शहरांतील वेड्यांच्या रुग्णालयांत ठेवावें लागलें. तेथें ते तीन वर्षें होते. ज्या बापानें राणी म्हणून वाढविलें, त्याच्याबद्दल गांवांत होणारी कुजबुज मुकाट्यानें ऐकणें तिच्या वांट्याला आलें. देवाला बाप म्हणणें ज्या मुलीला वडिलांच्या प्रेमामुळें सोपें झालें होतें, तिच्यापुढेंच त्या पित्याची ही दशा उभी राहिली. पुढें १८९६ च्या एप्रिलमध्यें, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्रीं, बिछान्यावर पडतांच तिच्या तोंडांत कांहीं ऊन ऊन आलें. दिवा मालविलेला होता. तो पुन्हां न लावतां ती झोपली, आणि उजाडल्यावर खिडकीपाशीं जाऊन पाहिलें तों रुमालावर रक्त होतें.

त्याच ईस्टरच्या सुमारास तिच्यावर दुसरें संकट आलें, आणि तें क्षयाहून दारुण होतें. स्वर्गाविषयींचा तिचा विश्वास अंधारांत गेला. ज्या घरीं जावयाचें त्या घराची वाट धुक्यांत बुडाली. मरणानंतर कांहीं नाहीं, असा टोमणा मारणारा जणूं एक आवाज तिला ऐकूं येऊं लागला. ही स्थिति अखेरपर्यंत, म्हणजे जवळ जवळ दीड वर्ष, टिकली. या काळांत तिनें अश्रद्धांचा धिक्कार केला नाहीं. त्यांच्याच मेजावर, त्यांचीच कडू भाकर खात आपण बसलों आहों, अशी तिची भाषा आहे. श्रद्धा ही आपली मिळकत आहे, असा तिचा दावा उरला नाहीं. तीही दिलेली वस्तु, आणि देणारा दिसत नसतांनाही हात पसरून राहावयाचें, एवढेंच उरलें. अंधारांत लेंकरूं हात सोडीत नाहीं, ही उपमा गोड आहे. परंतु हात कोणाचा आहे, किंबहुना तो आहे कीं नाहीं, हें न दिसतां तो धरून राहणाऱ्या चोवीस वर्षांच्या तरुणीला दुबळी म्हणणें धाडसाचें होईल.

या शिकवणुकीवर एक आक्षेप असा येतो कीं, लहान व्हा, शेवटची जागा घ्या, हा उपदेश सत्ताधाऱ्यांना फार सोईचा असतो. मालकानें नोकराला, सासऱ्यानें सुनेला, वरिष्ठानें कनिष्ठाला तो करावा आणि अन्यायावर पांघरूण घालावें. आक्षेपांत तथ्य आहे. धर्मसंस्थांच्या इतिहासांत असें पुष्कळ घडलें आहे. त्यासाठीं पुन्हां कफर्णहूमच्या त्या घरांत जावें लागतें. लहान होण्याची आज्ञा तेथें त्या मुलाला केलेली नाहीं. ती मोठेपणासाठीं भांडणाऱ्या बारा जणांना केली आहे. आणि मुलाबद्दल जें सांगितलें तें असें कीं, त्याचा स्वीकार करणारा ख्रिस्ताचा स्वीकार करतो. मत्तयाच्या त्याच अध्यायांत, अशा लहानांतील एकाला जो अडखळण आणील त्याच्या गळ्यांत जात्याची तळी बांधून त्याला समुद्रांत बुडविलेलें बरें, इतका कठोर इशाराही आहे. दुसऱ्याला लहान करण्याचा परवाना या उपदेशांत कोठेंही नाहीं. तेरेजेकडे १८९३ पासून नवशिक्या संन्यासिनींना वळण लावण्याचें काम आलें, तेव्हां ती त्यांना लाडानें वागवीत नसे. चूक दिसली कीं स्पष्ट बोले, मग कोणी रागावो. आपण लहान म्हणून सत्य सांगण्याचें टाळावें, असें तिला कधींच वाटलें नाहीं.

३० सप्टेंबर १८९७ रोजीं ती वारली. बरोबर एक वर्षानें तिच्या लिखाणाचें पुस्तक निघालें. प्रती दोन हजार. तीं पानें तिच्या बहिणीनें, म्हणजे मठाधिकारिणी झालेल्या पोलीननें, ठिकठिकाणीं सुधारून गुळगुळीत केलीं होतीं. चित्रेंही तशींच. सेलीननें मठांत कॅमेरा आणला होता आणि खरीं छायाचित्रें घेतलीं होतीं. तरी लोकांपुढें आला तो सजविलेला, गुलाबांच्या वर्षावांतला चेहरा. 'लहान फूल' या नांवाखालीं जो गोडवा जगभर पसरला, तो पुष्कळसा या सजावटीचा आहे. मूळ वह्या जशाच्या तशा प्रसिद्ध व्हावयाला १९५६ साल उजाडावें लागलें. दरम्यान १९२५ मध्यें तिला संतपद मिळालें होतें, आणि १९२७ मध्यें तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीनें धर्मप्रसारकांची आश्रयदाती ठरविण्यांत आलें. झेवियर यांचा देह जुन्या गोव्याच्या बॉम जेजू चर्चमध्यें आहे. गोव्यापासून जपानपर्यंत ज्यांनीं समुद्र तुडविला त्यांच्या शेजारीं मठाच्या भिंतीबाहेर न गेलेली ही मुलगी! कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांनीं १९३१ मध्यें संन्यासव्रत घेतांना नांव निवडलें तें हिचेंच. १९९७ मध्यें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं तिला धर्मसभेची आचार्य म्हणून जाहीर केलें. हा मान मिळविणारी ती तिसरी स्त्री.

तिची शेवटची वही तिनें १८९७ च्या जूनमध्यें, मठाच्या बागेंत चाकांच्या खुर्चींत बसून लिहिली. लिफ्टचा दृष्टांत याच वहींत आहे. कोणी ना कोणी भगिनी येई, बोलत बसे, आणि वाक्य अर्धें राही. ती लेखणी खालीं ठेवून हसतमुखानें ऐकून घेई. जुलैच्या आरंभीं शाईची लेखणी धरण्याइतकेंही बळ उरलें नाहीं. अखेरचीं पानें शिसपेनीनें लिहिलेलीं आहेत; त्यांतलें अक्षर वांकडेंतिकडें होत गेलें आहे, आणि वही अपुरीच राहिली आहे.